पांढरीखालचे तगर

तेरच्या वस्तुसंग्रहालयातून बाहेर पडताना बी. ए. च्या दुसऱ्या वर्षातील एका विद्यार्थिनीने मला विचारले, "सर, तेव्हा आपली माणसं कुठं होती?" मुलगी नांदेड जिल्ह्यातील, कंधार तालुक्यातील. घरात शिकलेले कोणी नाही. लातूरला वसतिगृहात राहून शिकते. आतमध्ये दोन तास आम्ही शंखाच्या बांगड्या, मणी, मातीच्या मूर्ती, हस्तिदंताची बाहुली, दिवे आणि भांडी पाहिली होती. तेर हे प्राचीन तगर, येथले कापड रोमन साम्राज्यात जात असे, हे मी मोठ्या उत्साहाने सांगितले होते. बाकीच्या मुलांनी वहीत टिपून घेतले. हिने टिपले नाही. तिने प्रश्न विचारला. 'आपली' या शब्दाचा अर्थ मला समजावून घ्यावा लागला नाही. मला त्यावेळी नीट उत्तर देता आले नाही, हे कबूल करतो. हा लेख म्हणजे ते राहिलेले उत्तर आहे.

तेर हे आज धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्यातील तेरणा नदीकाठचे गाव. १९८२ साली लातूर जिल्हा वेगळा होईपर्यंत लातूर आणि तेर एकाच जिल्ह्यात होते. बाहेरचा माणूस तेरला जातो तो गोरोबाकाकांच्या समाधीसाठी. गावाभोवती मातीचे उंचवटे आहेत. आपल्याकडे अशा उंचवट्याला 'पांढर' म्हणतात. गावगाड्याच्या जुन्या भाषेत काळी म्हणजे शेतीची जमीन आणि पांढरी म्हणजे वस्तीची जमीन. माणसे पिढ्यान्‌पिढ्या एका जागी राहिली, भिंती पडल्या, पुन्हा उठल्या, चुलीची राख साचली, की तिथली माती पांढुरकी होते. ही माती चिकट असते, पाणी धरत नाही. म्हणून मराठवाड्यात माळवदाच्या घरांवर तीच टाकायची पद्धत होती. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी पांढर खणायची आणि पाटलाच्या, देशमुखाच्या माळवदावर नेऊन टाकायची. आमच्या आज्याने हे काम वेठीने केले आहे. खणताना खापरे निघत, मणी निघत, कधी वीट निघे. "जुन्या लोकांचं हाय" म्हणायचे आणि पुढे खणायचे. म्हणजे मराठवाड्यातील पहिले उत्खनन करणारे कोण, असे कोणी विचारले तर त्याचे उत्तर माझ्या घरात आहे. पुढे हीच माती आमच्या जिवावर उठली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात लातूर-उस्मानाबादमधली हजारो माणसे मेली ती दगडमातीच्या भिंती आणि माळवदावर थरांवर थर चढवलेली माती अंगावर येऊन. मी तेव्हा दोन वर्षांचा होतो.

आता या पांढरीखाली काय आहे ते पाहू.

इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्याला इजिप्तमधील एका ग्रीक भाषक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानच्या किनाऱ्यापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली. 'पेरिप्लस' या नावाने ती ओळखली जाते. लेखकाचे नाव कोणालाच माहीत नाही. त्याने हे पुस्तक विद्वत्तेसाठी लिहिलेले नाही. कोठे काय विकते आणि कोठे काय मिळते एवढेच त्याला सांगायचे आहे. त्यात दक्षिणापथातील दोन बाजारपेठा त्याने विशेष म्हणून नोंदवल्या. एक पैठण, भडोचपासून दक्षिणेला सुमारे वीस दिवसांच्या वाटेवर. दुसरे त्याच्याही पुढे दहा दिवसांवर असलेले फार मोठे नगर, तगर. पैठणहून भडोचला लाल अकीक जाई. तगरहून साधे जाडेभरडे कापड मोठ्या प्रमाणात, तऱ्हेतऱ्हेची मलमल आणि आणखी एक प्रकारचे कापड जाई. हा माल गाड्यांवर लादून, जिथे धड रस्ता नाही अशा मुलखातून न्यावा लागतो, हेही त्याने लिहिले आहे. दुसऱ्या शतकात टॉलेमीच्या भूगोलातही तगर येते.

नाव पुस्तकात राहिले आणि गाव हरवले. एकोणिसाव्या शतकात विद्वानांनी तगर कुठे कुठे शोधले! कोणी देवगिरी म्हटले, कोणी जुन्नर, कोणी कोल्हापूर. कोकणातील आणि कोल्हापूरचे शिलाहार राजे स्वतःला 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवत, पण त्यांनीही पत्ता दिलेला नाही. १९०१ साली जे. एफ. फ्लीट यांनी तगर म्हणजे निजामाच्या मुलखातील तेर, असे मांडले. त्यानंतर हेन्री कझिन्स यांनी तेरच्या अवशेषांचे वर्णन पुरातत्त्व खात्याच्या १९०२-०३ च्या अहवालात दिले. १९५८ साली चापेकरांनी येथे उत्खनन केले आणि पुढे साठीच्या दशकाच्या उत्तरार्धात व त्यानंतरही उत्खनने झाली. या उत्खननांच्या बरोबरीने वस्तू जमवीत होते ते तेरचेच रामलिंगप्पा लामतुरे. त्यांचा हजारो वस्तूंचा संग्रह आज शासनाच्या त्याच नावाच्या संग्रहालयात आहे. विद्यापीठाची पदवी नसलेला गावातला माणूस पांढरीतून निघालेले खापर जपून ठेवतो, म्हणून आज आम्ही प्राध्यापक मंडळी तिथे विद्यार्थ्यांना नेऊन व्याख्यान देतो.

या वस्तूंमध्ये सर्वांत प्रसिद्ध आहे ती हस्तिदंताची स्त्रीमूर्ती. तिचे नाते भूमध्य समुद्राकाठच्या एका शहराशी जोडले जाते. इटलीतील पाँपेई हे शहर इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. १९३८ साली तिथल्या एका घराच्या अवशेषांत भारतीय घडणीची हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. आता ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. आरंभी तिला लक्ष्मी म्हटले गेले. पुढे ती यक्षी असावी असे मत पुढे आले. तिच्याशी मिळतीजुळती मूर्ती तेरला आहे आणि तशाच एका मूर्तीचा भाग सत्तरीच्या दशकात जालना जिल्ह्यातील भोकरदनच्या उत्खननात मिळाला. त्यामुळे पाँपेईची मूर्ती मराठवाड्याच्या कारागिराने घडवली असावी, असे काही अभ्यासक मानतात. सिद्ध झाले आहे असे नाही. पण शक्यता मोठी आहे.

त्याच ज्वालामुखीच्या उद्रेकात एक रोमन विद्वान मेला, प्लिनी. हिंदुस्थान दरवर्षी रोमन साम्राज्यातून पाच कोटी सेस्टर्स (हे रोमन नाणे) ओढून नेतो, अशी तक्रार त्याने लिहून ठेवली आहे. बायकांच्या चैनीवर त्याचा राग होता. पैसा वाया गेला की दोष बाईचा, ही रीत फार जुनी आणि फार दूरवर पसरलेली दिसते. प्लिनीच्या हिशेबातला पैसा हिंदुस्थानात आला, एवढे तो सांगतो. हिंदुस्थानात तो कोणाच्या हातात गेला, हा हिशेब त्याला करायचे कारण नव्हते. तो आपण करायचा आहे.

आणि त्या गलबतांतून इकडे काय आले? दारू, तांबे, कथील, शिसे, पोवळे, काच. शिवाय भडोचच्या राजासाठी, पेरिप्लसच लिहितो, चांदीची मौल्यवान भांडी, गाणारी मुले आणि जनानखान्यासाठी सुंदर मुली. हे वाक्य आमच्या पाठ्यपुस्तकांत येत नाही. 'प्राचीन भारताचा वैभवशाली व्यापार' या प्रकरणात निर्यात कापडाची आणि आयात सोन्याची असते. हस्तिदंताची नग्न बाई या किनाऱ्याहून तिकडे गेली आणि रक्तामांसाच्या मुली त्या किनाऱ्याहून इकडे आणल्या गेल्या, हे एकाच व्यापाराचे दोन कागद आहेत. दोन्ही ठिकाणी जिचे नाव लिहिले गेले नाही ती बाईच.

आता विद्यार्थिनीच्या प्रश्नाकडे येतो. कापूस वेचला कोणी? पिंजला, कातला, विणला, रंगवला कोणी? गाडीची चाके कोणी बनवली, बैलांच्या गळ्यातील चामड्याचे पट्टे कोणी केले, बिनरस्त्याच्या मुलखातून तीस दिवस त्या गाड्या कोणी हाकल्या? पेरिप्लसला याच्याशी कर्तव्य नाही. खापरावर जात लिहिलेली नसते. मग उत्तर मिळायचे कुठे?

ते लेण्यांत मिळते. सह्याद्रीतील लेणी त्याच काळातील, त्याच व्यापारी वाटांवरील. त्यांच्या भिंतींवर दान देणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत. राजे आहेत, सावकार आहेत, पण तेवढेच नाहीत. कार्ल्याच्या चैत्यात धेनुकाकट गावच्या सामी नावाच्या सुताराचे नाव आहे आणि त्याच गावच्या यवनांनी, म्हणजे भूमध्यसमुद्राकडून आलेल्या परदेशी लोकांनी, दिलेले खांब आहेत. कुड्याच्या लेण्यांत माळी आहे. नाशिकच्या एका लेण्यात मुगुदास नावाचा कोळी आहे. आंध्रातील अमरावतीच्या स्तूपावर विधिक नावाच्या चांभाराने दिलेली शिळा आहे आणि त्यावर त्याचा धंदा स्वच्छ लिहिलेला आहे, चम्मकार. त्याने आपली आई, बायको, भाऊ, मुले यांच्यासह दान दिले आहे. सांचीच्या दक्षिण तोरणावरील नक्षी विदिशेच्या हस्तिदंत कोरणाऱ्यांनी केली, असे तोरणच सांगते. म्हणजे पाँपेईला गेलेली मूर्ती घडवणारे हात ज्या जमातीचे, तिला दगडावर सही करण्याचा मान होता.

पण मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो नाशिकच्या दहाव्या लेण्यातील लेख. नहपान राजाचा जावई उषवदात याने भिक्षूंच्या चीवरासाठी ३,००० कार्षापणांची कायम ठेव ठेवली. ठेवली कोणाकडे? गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या दोन श्रेणींकडे. एका श्रेणीकडे २,०००, दरमहा शेकडा एक व्याजाने. दुसरीकडे १,०००, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत घ्यायचे नाही, व्याजच वापरायचे. श्रेणी म्हणजे एका धंद्यातील कारागिरांची संघटना. हा नहपान म्हणजेच पेरिप्लसमधील भडोचचा राजा, असे बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे ज्या राजाच्या जनानखान्यासाठी परदेशाहून मुली येत, त्याच्या घरातील माणूस आपला पैसा विणकरांच्या हाती विश्वासाने ठेवत होता. जुन्नरच्या लेण्यात तर बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे ठेवी ठेवल्याची नोंद आहे. बांबूकाम करणारे म्हणजे बुरूड. महाराष्ट्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत आज बुरूड आहेत. सुपे-टोपल्या विकणाऱ्या बाईला आपल्या गावचा सावकार शंभर रुपये उसने देताना दहा वेळा विचार करतो. त्या धंद्याच्या माणसांकडे कधी काळी लोक आपले पैसे ठेवायला जात होते.

तगर याच जगातले शहर. येथेही उत्खननात विटांच्या स्तूपाचे अवशेष निघाले आहेत. येथल्या कुंभारांचे काम पाहा. पांढऱ्या मातीच्या मूर्ती त्यांनी दोन साच्यांत घडवल्या, पुढचा साचा वेगळा, मागचा वेगळा, आणि मग दोन्ही अर्धुके जोडली. हे तंत्र पश्चिमेकडून आले असे तज्ज्ञ सांगतात. तसे असेल तर इथल्या कुंभाराने ते पाहिले, समजून घेतले आणि आपल्या मातीत उतरवले. परंपरेने जे हात 'आडाणी' ठरवले त्यांची ही बुद्धी. दुसरी वस्तू मला फार आवडते. मातीचे छोटे चकतीसारखे दागिने, वर रोमन नाण्याची नक्कल आणि दोऱ्यात ओवायला भोक. ज्याला सोन्याचे नाणे गळ्यात घालणे परवडत नव्हते त्याने, बहुधा तिने, मातीचे घातले. आपल्याकडची पुतळ्यांची माळ आठवते ना? तीही परदेशी नाण्यांवरूनच आली असे म्हणतात. आमच्या आयाबायांना तर पुढच्या काळात सोन्याचांदीचीच बंदी झाली. जातीची खूण म्हणून अंगावर चढवलेले कथलाचे दागिने टाकून द्या, असे बाबासाहेबांना डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बायकांना सांगावे लागले. तगरच्या मातीच्या नाण्यावर अशी खूण नव्हती, गरिबीची असेल.

इथे एक सावधगिरी घ्यायला हवी. हे सारे वाचून आपल्यातील काही मंडळी लगेच म्हणतील, पाहा, बुद्धाच्या काळात जात नव्हती, सारे समान होते. मलाही तसे म्हणायला आवडले असते. पण नाशिकच्याच तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे. तिने हे लेणे भिक्षुसंघाला दिले. त्यात ती आपल्या मुलाची, गौतमीपुत्र सातकर्णीची, स्तुती करताना सांगते की त्याने चार वर्णांचा संकर थांबवला. बौद्ध भिक्षूंच्या निवाऱ्यात, दानाच्याच लेखात, वर्णसंकर रोखल्याची फुशारकी! तेव्हा वर्णाचे विष होतेच. फरक एवढा की विणकराच्या, बुरुडाच्या, चांभाराच्या हातात पैसा होता, संघटना होती, मालाची किंमत ठरवण्यात त्यांचा शब्द होता आणि त्यांना दान देण्यासाठी उघडे असलेले एक दार होते. समता नव्हती, समतेसाठी भांडता येईल अशी जागा होती. अस्पृश्यतेचा उगम बाबासाहेबांनी आपल्या १९४८ च्या ग्रंथात इ. स. ४०० च्या सुमारास ठेवला आहे, तो विचारात घेतला तर तगरचा भरभराटीचा काळ त्याआधीचा ठरतो.

मग काय झाले? रोमशी व्यापार मंदावला. शहरे ओसरली. हे सगळीकडे सारखे झाले नाही आणि यावर इतिहासकारांत वाद आहे. रामशरण शर्मा यांनी १९८७ च्या आपल्या ग्रंथात शहरे ओस पडण्याचा सिद्धांत मांडला तो सर्वांना मान्य नाही. पण महाराष्ट्रापुरते एवढे दिसते की पुढे कारागीर आपल्याला भेटतो तो श्रेणीत नाही, बलुत्यात. श्रेणीतला कुंभार आपले मडके बाजारात विकतो. बलुतेदार कुंभार ते गावाला पुरवतो आणि सुगीला खळ्यावर जाऊन उभा राहतो. किती पेंढ्या द्यायच्या ते कुणबी ठरवतो, वाद झाला तर पाटील. हात तेच, चाक तेच, माती तीच. किंमत ठरवण्याचा हक्क गेला. आणि ज्या महारा-मांगांच्या वाट्याला आले ते तर खळे झाडून राहिलेले. माझ्या मते आपल्या इतिहासातील सर्वांत मोठी उलथापालथ हीच आहे. तिची तारीख नाही, लढाई नाही, म्हणून ती परीक्षेत विचारली जात नाही.

याच तेरमध्ये, तेराव्या-चौदाव्या शतकात, गोरोबाकाका मडकी घडवत होते. त्यांच्या पायाखालच्या पांढरीत हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या कुंभारांचे साचे पडलेले होते. संतांच्या मेळाव्यात गोरोबांनी थापटण्याने एकेकाचे डोके थोपटून कच्चे कोण, पक्के कोण ते सांगितले ही कथा सर्वांना ठाऊक आहे. त्या काळातले चोखोबा मंगळवेढ्याला गावकुसाचे काम करताना भिंत कोसळून तिच्याखाली गेले, हीही परंपराच सांगते. कुंभाराला संतपद मिळाले, महारालाही मिळाले, पण गावकूस बांधण्याची वेठ चुकली नाही.

तेरमध्ये आणखी एक गोष्ट आहे आणि तिच्यापाशी मी दरवेळी थांबतो. त्रिविक्रमाचे देऊळ. विटांचे, मागची बाजू अर्धगोल, वर गाडीच्या टपासारखे लांबट छत. पुढचा मंडप नंतर जोडलेला. कोरीव लेण्यातला चैत्य डोंगरातून बाहेर काढून मोकळ्यावर ठेवावा तसे ते दिसते. कझिन्सने ते मूळचे बौद्ध चैत्यगृह असल्याचे म्हटले आणि त्याच घडणीचे दुसरे उदाहरण म्हणून आंध्रातील चेझर्लाचे देऊळ दाखवले. सर्वांना हे मान्य नाही. अर्धगोल पाठीची देवळे ब्राह्मणी देवतांसाठीही बांधली जात, ऐहोळेचे दुर्गा मंदिर तसेच आहे. तेव्हा केवळ आकारावरून निवाडा देऊ नये, हा आक्षेप रास्त आहे. पण गावात स्तूप होता हे उत्खननाने दाखवलेच आहे आणि स्तूप असलेल्या नगराला चैत्यगृह असणार नाही असे मानणेही कठीण.

आत देव कोणता आहे पाहा. त्रिविक्रम म्हणजे वामन. तीन पावले जमीन मागून बळीला पाताळात घालणारा. पाय उचललेला आहे. महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी'त याच कथेचा उलटा अर्थ लावून बळी हा शेतकऱ्यांचा राजा आणि वामन हा त्याचे राज्य बळकावणारा, असे मांडले. आमच्या आयाबाया आजही दिवाळीत ओवाळताना इडापिडा टळो आणि बळीचे राज्य येवो म्हणतात. विणकर-कुंभारांच्या दानावर उभ्या राहिलेल्या धर्माचे घर जर हे असेल, तर त्याच घरात पुढे बळीच्या डोक्यावर पाय ठेवणारा देव येऊन बसला. ही वास्तू बौद्ध नसेल असे उद्या सिद्ध झाले तरी गावातला विटांचा स्तूप जमिनीखाली गेला आणि वामन जमिनीवर उभा राहिला, एवढे तर उरतेच. मी विद्यार्थ्यांना दोन्ही बाजू सांगतो. त्यांनी स्वतः त्या अर्धगोल भिंतीला हात लावून पाहावा, विटा मोजाव्यात, शंका घ्यावी. आपला पक्ष खरा आहे म्हणून पुरावा सैल घेण्याची सवय आपल्याला परवडणारी नाही. ती चैन ज्यांच्या हातात पाठ्यपुस्तके आहेत त्यांनी करावी.

तगरचे कापड तिकडे पोहोचले का? कापूस कुजतो, म्हणून तेरला काही उरलेले नाही. पण इजिप्तमध्ये तांबड्या समुद्राकाठी बेरेनिके नावाचे बंदर होते. तिथल्या कोरड्या वाळूत भारतीय सुती कापडाचे तुकडे टिकले आहेत आणि भारतातील सागवानही सापडले आहे. तिथून माल वाळवंट ओलांडून नाईल नदीला आणि नदीने अलेक्झांड्रियाला जाई. बेरेनिकेचा कुठला तुकडा तगरचा हे सांगता येणार नाही. सूत मात्र कोणाच्या तरी बोटांतून गेलेले आहे. पेरिप्लसच्या यादीत तगरच्या नावापुढे मलमलीच्या आधी जाडेभरडे कापड येते, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे. मलमल श्रीमंतांची. भरडे कापड अंगमेहनत करणाऱ्यांचे. ते विणणारे इकडचे, नेसणारे बहुधा तिकडचे खलाशी, हमाल, गुलाम.

संग्रहालयातून निघाल्यावर आम्ही टेकाडावर गेलो होतो. एक म्हातारी शेळ्या राखत होती. मुलांना खाली वाकून शोधताना पाहून म्हणाली, "आता न्हाई घावायचं लेकरानु, पाऊस पडला की मणी वर येतेत." तिच्या घरात लहानपणी अशा मण्यांची माळ होती म्हणे. मुलीला एक खापर सापडले, भांड्याच्या काठाचे. आतल्या बाजूला बोटे फिरल्याच्या रेघा होत्या. तिने आपली बोटे त्या रेघांवर ठेवून पाहिली. मग ते होते तिथेच ठेवले, कारण टेकाडावरचे काही उचलायचे नाही असे मी सकाळीच बजावले होते.

तू विचारलेस आपली माणसे कुठे होती. कोष्ट्याच्या मागावर होती, बुरुडाच्या अंगणात होती, गाडीच्या साटीवर होती, आणि काही वर्णाच्या पायरीखाली तेव्हाही होती. त्यांतल्या काहींनी लेण्यांच्या भिंतीवर स्वतःचे नाव आणि धंदा लिहून ठेवला आहे. बाकीच्यांची बोटे खापराच्या आतल्या बाजूला आहेत.

हे मी तिला पुढच्या सत्रात वर्गात सांगितले. यंदा सुटीहून परत आल्यावर तिने मला एक वही आणून दिली. तिच्या गावातही पांढर आहे. सुटीत तिने तिथे फिरून, म्हाताऱ्या माणसांना विचारून, कोणाला शेतात काय सापडले त्याची यादी केली आहे: कोणाच्या विहिरीत वीट, कोणाच्या बांधावर रांजणाचा तळ, एका मांगवाड्यातल्या आजीकडे दोन लाल मणी. विटांची लांबी-रुंदी तिने शिवणकामाच्या टेपने मोजली आहे. शेवटच्या पानावर लिहिले आहे, "यंत्र लावून पांढरीची माती नेणे चालू आहे. निम्मी गेली. उरलेली बघायला सर, कधी येता?"